कापडी कोलाज व मशीन भरतकाम

कापड, कागद, जाळी, सुतळी यांचे तुकडे एका कापडावर रचून, चिकटवून आणि शिलाई मशीनच्या टाक्यांनी बांधून केलेली चित्ररचना. शिंप्याचे यंत्र येथे रेखाटनाचे साधन बनते. ‘कोलाज’ हे नाव युरोपातून आले. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचे छापील मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि आधुनिक चित्रकलेत ही रीत रुळली. जुन्या कापडांतून नवी रचना उभी करणे महाराष्ट्रातल्या बायकांना मात्र नवे नव्हते. त्यांची गोधडी, काही भागांतली वाकळ किंवा लेपडी, हाच या कलेचा आपल्याकडचा सर्वांत भक्कम पाया आहे.

गोधडीत लुगडी, धोतरे, विटलेले परकर, फाटके सदरे यांचे थर जमिनीवर अंथरतात, सुरकुत्या काढून मोठ्या टाक्यांनी टाचतात आणि मग धावदोरा घालतात. कुठे टाक्यांच्या समांतर ओळी असतात, कुठे कडेपासून चौकोनात चौकोन धरत शिवण मध्यावर येते. लुगड्याचा काठ बहुधा कडेला लावतात. काठाची वीण दाट असल्याने तो उशिरा विरतो आणि चौकटीसारखा शोभतोही. ठिगळासाठी कोणता रंग उचलायचा, खणाचा तुकडा कुठे बसवायचा हे ठरवणारी नजर चित्रकाराचीच असते. गोधडीला नुसती काटकसरीची वस्तू म्हणणे तिच्यावर अन्याय आहे. शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’त कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुले’ बसवल्याशिवाय काम पुरे झाले असे मानत नाहीत. ठिगळांची वस्त्रे वापरणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गोधडेबुवा म्हणूनही ओळखले जात.

यंत्राने भरतकाम करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८२८ मध्ये म्युलूझ येथे जोसुए हाइलमान यांनी केला. मात्र कोलाज करणाऱ्या कलावंताला लागते ते साधे शिलाई मशीन. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या मशीनचे पेटंट घेतले. महात्मा गांधींची यंत्रांवरची टीका सर्वज्ञात आहे, तरी शिलाई मशीनला त्यांनी आवर्जून अपवाद मानले होते.

एरवी सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात आणि टाक्याची लांबी यंत्र ठरवते. मुक्त भरतकामात दाते खाली उतरवतात किंवा झाकतात, कापड रिंगीत ताणून बसवतात आणि हातांनी फिरवतात. सुई जागच्या जागी वरखाली होते, कागद पेन्सिलीखाली सरकवावा तसे कापड तिच्याखाली फिरते. हात झपाट्याने फिरला तर टाका लांब पडतो, रेंगाळला तर दोऱ्याच्या गाठी साचतात. पायाचा वेग आणि हाताचा वेग जुळणे हेच खरे कसब. पातळ कापड चुणते म्हणून मागे बकरम किंवा जाड मांजरपाट देतात. कागदावर टाके दाट घातले तर तो भोकांच्या रेषेवर फाटतो. तो आधी कापडावर चिकटवून लांब टाका घालावा लागतो. नाजूक तुकड्यांवर ऑर्गंडी किंवा जाळी पसरून वरून शिवले की ते निसटत नाहीत आणि खालचा रंगही धूसर दिसतो.

या मुक्त रेघेची कसोटी वारली आकृत्यांत लागते. जव्हार तालुक्यात आणि शेजारच्या मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती आहे. या पट्ट्यातली प्रसिद्ध वारली कला भिंतीवरची. लग्नात सुवासिनी पालघट देवीचा चौक लिहितात. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, हाती टोक चेचलेली बांबूची काडी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११, निधन २०१८) यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर आणले. आता वारली आकृत्या साड्या-पिशव्यांवर मशीनने भरलेल्याही दिसतात. माणसाचे धड दोन त्रिकोणांचे, टोकाला टोक लागलेले. कापडातून ते कापले तर नेमक्या त्या जोडावरच धागे सुटतात. म्हणून कडा आत दुमडतात किंवा त्रिकोण नुसत्या दोऱ्याने भरून काढतात. संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सगळी माणसे एकाच मापाची निघतात. काडीच्या रेघेतला जाडबारीकपणा नाहीसा होतो आणि तारपा वाद्याभोवतीचा नाचाचा फेर ठशासारखा दिसू लागतो. हाताने कापड फिरवणाऱ्या कारागिराच्या रेघेत तो जाडबारीकपणा टिकतो, म्हणून वारलीसाठी हीच पद्धत योग्य होय.

अशा कामांना दमट हवेचा धोका मोठा. खळीवर बुरशी येते, वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, कच्चे रंग शेजारच्या तुकड्यात उतरतात. कापड आधी धुऊन घ्यावे, रंग पक्का आहे का ते पाहावे, आणि काम घडी न घालता चित्राची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर सैलसर गुंडाळावे.