वय की धूर?

जुनी गाडी मोडीत काढली की हवा सुधारते, या समजुतीची परीक्षा दिल्लीत झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. तेथे कसोटी इंधनाची होती. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वयाची कसोटी लावली: डिझेल गाडीस १० वर्षे, पेट्रोल गाडीस १५. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांवर इंधनबंदी आली आणि काही दिवसांतच स्थगित झाली.

वयाच्या कसोटीत तथ्य आहेच. रोज धावणाऱ्या जुन्या ट्रकच्या जागी बीएस-६ ट्रक आल्यास धूर निश्चित घटतो. परंतु नव्या गाडीचे पोलाद घडतानाच बराच कार्बन हवेत गेलेला असतो. क्वचित बाहेर निघणारी गाडी बदलल्यास ते ऋण फिटण्यास वर्षे लागतात. म्हणून जन्मसालाबरोबर गाडी किती धावते व किती धूर सोडते, हेही मोजले पाहिजे.