चित्रांतले वारली घर

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवरील चित्रकार जॉन वेबर याने 1778 मध्ये अलास्कालगतच्या उनालास्का बेटावरील अर्धवट जमिनीत खोदलेल्या, छतातून आत उतरायच्या घराचे अंतरंग रेखाटले. बोईसर-तारापूर-नवापूर किनाऱ्यामागच्या जंगलपट्टीतील वारली आदिवासींचा परिचय मात्र मिशनरी जॉन विल्सन यांनी 1843 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून, म्हणजे शब्दांत, करून दिला. पुढे विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रसंग्रहात (1863 व 1866) माणसे एकीकडे टिपून त्यांना पार्श्वभूमी दुसरीकडची जोडलेली आढळते, आणि घरापासून तोडलेला असा माणूस कितीही हुबेहूब दिसला तरी त्याची नोंद अपुरीच म्हणावी लागते. वारल्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते, कारण कारवीच्या काठ्यांचा कूड करून शेणमातीने लिंपलेली त्यांची भिंत हाच चित्राचा फलक असून, लग्नप्रसंगी सवाशिणी तीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’, म्हणजे पालघाट देवीला मध्यभागी स्थान देणारी चौकट, काढतात. 1970च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही कला कागदावर आली, तेव्हा झोपडी, शेत आणि तारपा नृत्य रेखाटणारे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे स्वतः वारली होते. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.