दोन बकरे आणि एक लाल धागा

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या प्रकरणात निकाल दिला. २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द करताना, साथ किंवा आपत्ती आली की सत्ता बळीचा बकरा शोधू पाहते, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. नाव विचारून भाजी घेण्याचे ते दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणून तो शब्द आपल्या मनाला भिडला. पण हा बकरा मूळचा कुठला, त्याच्यावर ओझे कुणी आणि का लादले, हे आपण फारसे विचारत नाही. त्याची कथा हजरत मूसा आणि हजरत हारून (अलैहिमुस्सलाम) यांच्या उम्मतीची आहे, म्हणजे आपल्याला परकी नाही.

तौरातच्या 'लेवीय' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात हा विधी सांगितला आहे. यहुदी वर्षाच्या तिश्री महिन्याची दहावी तारीख म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी दोन बकरे आणायचे आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. एक बकरा अल्लाहच्या नावाचा. त्याची कुर्बानी होई. दुसरा 'अजाजेल'चा, तो जिवंत ठेवला जाई. मुख्य धर्मगुरू त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या इस्राएलच्या पापांची कबुली देई आणि मग नेमलेला माणूस त्याला वैराण रानात नेई.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण मराठीत 'बळीचा बकरा' म्हणतो. पण ज्याचा वेदीवर बळी गेला तो बकरा वेगळा आणि ज्याच्यावर पापे लादली तो वेगळा. १५३० साली विल्यम टिंडेलने तौरातचा इंग्रजी अनुवाद करताना 'सुटून जाणारा बकरा' या अर्थाने 'स्केपगोट' हा शब्द घडवला. आपल्या मराठी शब्दात हे दोन्ही बकरे एकच होऊन गेले.

जेरुसलेमच्या मंदिरात हा विधी कसा होई, त्याचे तपशील सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नाच्या 'योमा' या प्रकरणात मिळतात. दोन्ही बकरे रूपाने, उंचीने आणि किमतीने सारखे असावेत, असा तेथे दंडक आहे. म्हणजे कोणता रानात जाणार हे त्याच्या गुणदोषांवर नव्हे, चिठ्ठीवर ठरे. चिठ्ठ्या आधी लाकडाच्या होत्या, पुढे बेन गमला याने सोन्याच्या केल्या. रानात जाणाऱ्या बकऱ्याच्या डोक्याला लाल लोकरीचा धागा बांधत. जेरुसलेमपासून कड्यापर्यंत वाटेत दहा मांडव असत आणि प्रत्येक मांडवावर त्या माणसाला 'हे अन्न, हे पाणी' म्हणून विचारत. कड्यावर तो धाग्याचे दोन भाग करी. अर्धा खडकाला, अर्धा शिंगांमध्ये बांधी, आणि बकऱ्याला पाठमोरा ढकलून देई. तौरातमध्ये रानात सोडणे एवढेच आहे. कड्याचा तपशील मिश्नातला आहे.

धागा पांढरा झाला तर पापे माफ झाली, अशी श्रद्धा होती. तालमूद मात्र एक बोचरी नोंद करते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले. त्याआधीची चाळीस वर्षे तो धागा पांढरा झालाच नाही. बकरा दरवर्षी जात होता, विधी चुकत नव्हता, पण धागा लालच राहत होता. विधी पार पाडला म्हणजे सारे मिटले, असे मानणाऱ्यांना यहुदी विद्वानांनीच दिलेला हा इशारा आहे.

'अजाजेल' म्हणजे काय, यावर त्यांच्यात एकमत नाही. कुणी म्हणाले, तो कठीण कड्याचा पर्याय. हनोखच्या नावावरील प्राचीन ग्रंथात अजाजेल हा बंडखोर फरिश्ता आहे. त्याने माणसांना तलवारी घडवायला शिकवले म्हणून त्याला वाळवंटात जखडून टाकले. आपल्याकडील काही तफसीरकारांनी इब्लीसचे आधीचे नाव 'अजाजील' दिले आहे, त्याची येथे आठवण होते. कुरआनात मात्र हे नाव नाही.

सर्वांत स्पष्ट उत्तर मूसा इब्न मैमून (मैमोनिडीस) यांनी दिले. कैरोत राहणाऱ्या या यहुदी विद्वानाने आपला 'दलालतुल हाइरीन' हा ग्रंथ अरबीत लिहिला. पाप म्हणजे एकाच्या पाठीवरून उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे गाठोडे नव्हे. हा विधी मनावर ठसा उमटवण्यासाठी आहे, पापे दूर सारून माणसाने तौबा करावी म्हणून आहे, असा त्यांचा आशय. एकाच्या गुन्ह्याचा भार दुसऱ्यावर टाकता येत नाही, हे कुरआनने वारंवार बजावले आहे. कुर्बानीचे रक्तमांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तकवा, हेही आपण जाणतो.

विधीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. धर्मगुरू आधी स्वतःच्या आणि आपल्या घराच्या पापांची कबुली देई, मग आपल्या पुरोहितवर्गाच्या आणि शेवटी लोकांच्या. बोट प्रथम स्वतःकडे. मिश्ना आणखी एक अट घालते: माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध योम किप्पूरनेही माफ होत नाही, जोवर त्या माणसाची मनधरणी केली जात नाही. मंदिर पडल्यावर बकरा गेला. उपवास, दुआ आणि ही अट उरली. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत. दारे लावून, उपाशी राहून ते हा दिवस घालवीत. त्यांच्या या सणात बकरा नव्हता.

मग इतिहासाने क्रूर थट्टा केली. ज्यांच्या ग्रंथात हा बकरा होता, त्यांनाच युरोपने बकरा केले. १३४७ पासून युरोपात प्लेग पसरला आणि १३४८ मध्ये यहुद्यांनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली. पोप क्लेमेंट सहावा याने त्याच वर्षी फर्मान काढून सांगितले की यहुदीही या रोगाने मरत आहेत. कुणी ऐकले नाही. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो यहुदी जाळले गेले. प्लेग मात्र थांबला नाही. विसाव्या शतकात नाझींनी याच आरोपांच्या परंपरेवर साठ लाख यहुद्यांचा संहार उभा केला.

१३४८ ची विहीर आणि २०२० ची भाजीची गाडी यांत अंतर मोठे आहे, पण जात एकच आहे. मूळ विधीत कबुली देणारा आपलीच पापे सांगत होता. जमावाने कबुली वगळली आणि बकरा तेवढा ठेवला. हा फरक नीट समजला, तर आपल्यावर होणाऱ्या आरोपाला आपण ठामपणे उत्तर देऊ शकतो.

पण मग एक प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल. पॅलेस्टाइनमधील अन्यायाविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्य आहे; इस्राएलच्या सरकारचा हिशोब त्या सरकारकडेच मागावा. पण जगातल्या प्रत्येक संकटामागे 'यहुद्यांचा कट' असतो, असे आपल्या बैठकांत किती सहज बोलले जाते! आपल्या मुलींचे शिक्षण सुटले, आपल्या संस्था भांडणांत बुडाल्या, तर त्याचेही गाठोडे आपण दुसऱ्याच्याच पाठीवर बांधतो. आपल्यावर अन्याय होतो हे खरे. पण त्यामुळे आपल्या चुका आपल्या राहत नाहीत असे नाही. दुसऱ्याने आपल्याला बकरा करू नये असे वाटत असेल, तर आपणही कुणाला बकरा करू नये. तौबेची सुरुवात, धर्मगुरूने केली तशी, स्वतःच्या घरापासून करावी.