नैतिक घबराट

नैतिक घबराट ही समाजशास्त्र व अपराधशास्त्र या विषयांतील एक संकल्पना आहे. एखादी व्यक्ती, समूह, घटना किंवा नवी सवय समाजाच्या मूल्यांना आणि सुरक्षिततेला घातक आहे, अशी भावना कधीकधी अल्पावधीत सर्वत्र पसरते. वृत्तपत्रे, राजकारणी, धर्मगुरू आणि तज्ज्ञ म्हणवणारी मंडळी तिला दुजोरा देतात आणि प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने प्रतिक्रिया फार मोठी होऊन बसते. अशा प्रतिक्रियेस हे नाव दिले जाते. याउलट धोका खरा असून समाज त्याची यथाप्रमाण दखल घेत असेल, तर ती रास्त चिंता होय. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा या अभ्यासातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. उत्तर एका बाजूला चुकले तर निरपराध माणसे भरडली जातात. दुसऱ्या बाजूला चुकले तर खऱ्या पीडितांची हाक ऐकली जात नाही.

मराठीत या संकल्पनेसाठी काही वेळा 'भयगंड' हा शब्द वापरला जातो. तथापि भयगंड हा व्यक्तीच्या मनाचा विकार आहे आणि येथे अभिप्रेत असलेली गोष्ट सामूहिक आहे. घबराट 'पसरते', म्हणून तो शब्द अधिक जुळतो.

उगम

ही संज्ञा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉक यंग यांच्या १९७१ मधील लेखनात आढळते; परंतु तिला शास्त्रीय रूप दिले ते मूळचे दक्षिण आफ्रिकेतील स्टॅन्ली कोहेन (१९४२–२०१३) यांनी. त्यांचा 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' हा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लॅक्टन या गावी घडलेला प्रसंग त्याच्या मुळाशी आहे. त्या वर्षी ईस्टरला कडाक्याची थंडी होती, पाऊस होता आणि बरीच दुकाने बंद होती. कंटाळलेल्या तरुणांमध्ये हाणामाऱ्या झाल्या, काही खिडक्या फुटल्या, किनाऱ्यावरील काही झोपड्यांची मोडतोड झाली. पोलिसांनी ९७ जणांना पकडले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून मात्र गावात जणू मोठी दंगल उसळल्याचे चित्र उभे राहिले.

स्कूटरवरून हिंडणारे नीटनेटक्या पोशाखातील 'मॉड्स' आणि चामडी जाकिटे घालून मोटारसायकली चालवणारे 'रॉकर्स' असे दोन तट या वार्तांकनाने ठळक केले. कोहेन यांच्या मते प्रत्यक्ष क्लॅक्टनमध्ये ते तितके स्पष्ट नव्हते. पुढच्या सुट्ट्यांत तरुण त्या भूमिका वठवण्यासाठीच किनाऱ्यावर येऊ लागले, बघे जमू लागले, पोलिसांचा बंदोबस्त वाढला आणि त्याच वर्षी मालमत्तेच्या नुकसानीबाबत घाईने एक कायदाही झाला. ज्यांच्यावर समाजाची सारी भीती केंद्रित होते, अशा समूहाला कोहेन 'फोक डेव्हिल' म्हणतात. मराठीत त्याला लोकमानसातील खलनायक म्हणता येईल.

निकष

एरिक गुड आणि नाख्मन बेन-येहुदा यांनी १९९४ मध्ये नैतिक घबराटीची पाच लक्षणे सांगितली: वाढलेली चिंता, विशिष्ट समूहाविषयी वैरभाव, धोक्याबाबत बऱ्यापैकी एकमत, प्रमाणाबाहेरची प्रतिक्रिया आणि अस्थिरता, म्हणजे घबराट अचानक उसळणे व तशीच ओसरणे. यांपैकी पहिली तीन लक्षणे रास्त चिंतेतही आढळतात. खरा निवाडा होतो तो प्रमाणावर. आकडे फुगवलेले किंवा रचलेले आहेत काय, तितक्याच किंवा अधिक घातक गोष्टीकडे त्याच वेळी दुर्लक्ष होत आहे काय, धोका वाढलेला नसताना ओरड वाढली आहे काय, असे प्रश्न त्यासाठी विचारले जातात.

धोका अस्तित्वात नाही असा या संज्ञेचा अर्थ नव्हे. ही गोष्ट फार वेळा विसरली जाते. ग्रंथाच्या २००२ मधील तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कोहेन यांनी स्वतःच हा खुलासा केला आहे.

धोका खरा, घबराटही खरी

अमेरिकेतील मॅकमार्टिन बालशाळेचा खटला हे याचे बोलके उदाहरण आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील मॅनहॅटन बीच येथे एका आईने तक्रार केली आणि पाहता पाहता शेकडो मुलांवर अत्याचार झाल्याचे आरोप पुढे आले. त्यांत गुप्त भुयारे आणि सैतानपूजेचे विधी यांच्या कथाही होत्या. मुलांना पुन्हापुन्हा तेच सूचक प्रश्न विचारले गेले होते. अपेक्षित उत्तर मिळेपर्यंत प्रश्न थांबत नसत. १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकाही आरोपीवर गुन्हा सिद्ध झाला नव्हता. एका आरोपीने दरम्यान सुमारे पाच वर्षे कोठडीत काढली होती.

मुलांवरील लैंगिक अत्याचार हा प्रश्न त्या काळी खरा होता आणि आजही आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातील असल्याचे आढळले. घबराटीने मात्र लोकांची नजर घर, नातेवाईक आणि शेजार यांवरून काढून काल्पनिक भुयारांकडे वळवली. दरम्यान मुलांचा जबाब कसा घ्यावा याविषयीचे संशोधन या खटल्यानंतर बरेच पुढे गेले, हा त्याचा एक अनपेक्षित लाभ.

उपेक्षित चिंता

उलट प्रकारची चूक इंग्लंडमधील रॉदरहॅम येथे घडली. ॲलेक्सिस जे यांच्या २०१४ मधील चौकशी अहवालानुसार १९९७ ते २०१३ या काळात तेथे किमान अंदाजाने १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाले. तक्रारी आधीपासून येत होत्या. अनेक पीडित मुलींकडे पोलिसांनी तुच्छतेने पाहिले. तर आरोपींच्या वांशिक पार्श्वभूमीचा उल्लेख केल्यास आपण वंशद्वेष्टे ठरू, अशी धास्ती काही कर्मचाऱ्यांना होती. एखाद्या समाजाला सरसकट खलनायक ठरवू नये, ही सावधगिरी योग्यच आहे. पण तिच्या नावाखाली ठोस तक्रारीचा तपासच टाळला, की ती पीडितांच्या जिवावर बेतते.

महाराष्ट्रातील प्रकरणे

डान्सबार बंदी : ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्र शासनाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबारमधील नृत्यावर बंदी घातली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तिचा पुरस्कार केला होता. तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, गुन्हेगारी वाढते आणि स्त्रियांचे शोषण होते, अशी कारणे देण्यात आली. यांतील शोषणाचा मुद्दा काल्पनिक नव्हता. अल्पवयीन मुलींच्या व्यापाराची चिंता अनेक कार्यकर्त्यांनाही होती. तथापि तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना बंदीतून वगळण्यात आले. तेच नृत्य एका ठिकाणी घातक आणि दुसऱ्या ठिकाणी निर्दोष कसे, या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर शासनाला देता आले नाही. घबराट ओळखण्याची ही एक चांगली कसोटी मानता येईल : रोख कृत्यावर आहे की विशिष्ट वर्गावर, हे अपवादांच्या यादीवरून कळते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ७५ हजारांहून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्याची आणि त्यांतील अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याची नोंद न्यायालयाने घेतली. ज्यांच्या रक्षणासाठी बंदी आणली असे सांगितले गेले, त्यांनाच तिची सर्वाधिक झळ बसली. पुढे २०१४ व २०१६ मध्ये नवे कायदे झाले. २०१६ च्या कायद्यातील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शिथिल वा रद्द केल्या.

राईनपाडा हत्याकांड : २०१८ मध्ये देशाच्या अनेक भागांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्या काळात सर्वत्र पसरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीपटाची होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापून टाकलेला होता. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून जगणारे होते. मुले हरवतात, त्यांची तस्करी होते, हे खोटे नाही. परंतु गावात आलेला अनोळखी भिक्षेकरी आणि तो धोका यांचा संबंध कोणत्याही पुराव्याने जोडलेला नव्हता. तो जोडला भटक्यांविषयीच्या जुन्या संशयाने. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रतिबंधासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. अफवेतून उसळलेली अशी हिंसा नैतिक घबराटीत मोडते की निव्वळ अफवेच्या लाटेत, याबद्दल मतभेद संभवतात. ठरावीक समूहाविषयीचा वैरभाव पाहता ती पहिल्या प्रकाराला अधिक जवळची दिसते.

टीका

पी. ए. जे. वॉडिंग्टन यांनी १९८६ मध्ये या संकल्पनेच्या वर्मावरच बोट ठेवले. स्टुअर्ट हॉल व सहकाऱ्यांनी 'पोलिसिंग द क्रायसिस' (१९७८) या ग्रंथात ब्रिटनमधील रस्त्यावरील लुटमारीविषयीची ओरड ही नैतिक घबराट असल्याचे प्रतिपादन केले होते. लुटमारीबद्दल नेमकी किती चिंता वाटणे योग्य, हे मोजण्याचे माप कोणते, असा वॉडिंग्टन यांचा प्रश्न होता. माप नसेल तर 'घबराट' हे वर्णन न राहता शेरा बनतो आणि ज्याला जी चिंता पसंत नाही, तिच्यावर तो मारला जातो. अँजेला मॅकरॉबी व सारा थॉर्न्टन यांनी १९९५ मध्ये वेगळा आक्षेप घेतला : माध्यमे आता एकसुरी राहिलेली नाहीत आणि ज्यांना खलनायक ठरवले जाते, ते स्वतःची बाजू मांडू शकतात. हा आक्षेप ब्रिटनमधील तरुणांच्या बाबतीत पटतो. राईनपाड्यातील भिक्षेकऱ्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

चालू वाद

स्मार्टफोन व समाजमाध्यमे यांचा मुलांच्या मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम हा या संकल्पनेच्या कक्षेतील सध्याचा सर्वांत मोठा वाद आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी 'द अँक्शस जनरेशन' (२०२४) या पुस्तकात ही चिंता पूर्णतः रास्त असल्याचे मांडले. कँडिस ऑजर्स यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याचे परीक्षण करताना उपलब्ध पुराव्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नसल्याचे म्हटले. ॲमी ऑर्बेन यांनी २०२० मध्येच दाखवून दिले होते, की रेडिओपासून प्रत्येक नव्या माध्यमाबाबत अशीच चिंता उसळते आणि संशोधन पक्क्या निष्कर्षापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुढचे माध्यम येते. ऑस्ट्रेलियाने मात्र निष्कर्षाची वाट न पाहता १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला.