डोळ्यांच्या उड्या आणि मुलाची समज

वाचताना आपले डोळे ओळीवरून संथपणे सरकत जातात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते उड्या मारत जातात. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचे, मग झटक्यात पुढे जायचे, पुन्हा थांबायचे. शब्द टिपले जातात ते या थांब्यांवर. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती पॅरिसमध्ये, नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत, १८७९च्या सुमारास. त्यांचे सहकारी लामार यांनी पापणीला एक साधन लावून डोळ्यांच्या हालचाली चक्क कानांनी ऐकल्या आणि मोजल्या. (वाचनाचा असा अभ्यास घडवून आणणाऱ्या जाव्हाल यांची स्वतःची दृष्टी मात्र पुढे १९०० साली काचबिंदूने गेली.) १८९८ साली अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी जे केले, ते आज कोणी करू देणार नाही. बुबुळावर बसेल अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची लहानशी वाटी, तिच्या मध्यभागी पाहण्यापुरते भोक आणि तिला जोडलेला ॲल्युमिनियमचा हलका काटा. डोळा हलला की काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर काटा रेघ ओढी. वेदना होऊ नये म्हणून आधी डोळा बधिर करावा लागे.

रेमंड डॉज आणि क्लाइन यांनी १९०१मध्ये हा छळ थांबवला. डोळ्याच्या पारपटलावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी सरकत्या फोटोच्या काचेवर पकडला. आजची यंत्रेही मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. फक्त प्रकाश अवरक्त असतो आणि फोटोच्या काचेची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे.

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग. शिकागोच्या गाय बझवेल यांनी पहिलीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी घेतल्या आणि १९२२मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. इयत्ता वाढत जाते तसे ओळीतले थांबे कमी होतात, प्रत्येक थांबा आखूड होतो, मागे वळून पाहणेही घटते. यावरून अनेकांनी उलटा निष्कर्ष काढला : डोळ्यांना कवायत दिली की वाचन सुधारेल! ओळीचे तुकडे ठरावीक वेगाने एकामागून एक उघडणारी यंत्रे अमेरिकेतील शाळांत आली. अडखळत वाचणारी मुले त्यांच्यापुढे बसवली गेली.

मिनेसोटा विद्यापीठातील माइल्स टिंकर यांनी याला सातत्याने विरोध केला. मजकूर कळत नाही म्हणून डोळे अडखळतात. डोळे अडखळतात म्हणून मजकूर कळत नाही, असे नव्हे. मन लावून केलेल्या साध्या वाचनापेक्षा यंत्राच्या कवायतीने अधिक काही साधत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ताप उतरवण्यासाठी तापमापीच थंड पाण्यात बुडवावी, तसा तो प्रकार होता असे आम्हांला वाटते.

मॉस्कोच्या आल्फ्रेड यारबुस यांच्या १९६५च्या पुस्तकातही डोळ्यांमागच्या मनाचाच पुरावा मिळतो. रेपिन यांचे एकच चित्र एकाच माणसापुढे पुन्हा पुन्हा ठेवले. ‘या लोकांची वये सांगा’ म्हटले की नजर चेहऱ्यांवर खिळे. ‘घरची सांपत्तिक स्थिती सांगा’ म्हटले की कपड्यांवर आणि सामानावर फिरे.

२०००च्या सुमारास कॅलिफोर्नियात अल्बर्ट रिझो यांनी आभासी वर्ग तयार केला. डोक्यावर पडदा चढवला की मुलाला आपण वर्गात बसलो आहोत असे दिसते. फळ्यावर एकेक अक्षर येते. ‘ए’नंतर ‘एक्स’ आले तरच कळ दाबायची. तेवढ्यात कागदी विमान उडते, खिडकीबाहेरून बस जाते. चुका, लागलेला वेळ, डोके कुठे वळले, सगळे नोंदले जाते. आता काही उपकरणे पडद्याआडून नजरही टिपतात. लक्ष टिकवण्यात अडचण असलेली मुले यात अधिक अक्षरे चुकवतात, अधिक चुळबुळ करतात, असे आढळले आहे. पण मूल खिडकीकडे का वळले, हे यंत्र सांगत नाही. म्हणून एवढ्या चाचणीवर निदान करत नाहीत. पालकांशी आणि शिक्षकांशी बोलावेच लागते.

वर्गात करून पाहण्याजोगी एक युक्ती वॉल्टर माइल्स यांनी १९२८मध्ये सुचवली होती. छापील पानाच्या मध्यभागी बारीक भोक पाडा. विद्यार्थ्याला ते पान मनात वाचू द्या आणि पानामागून भोकातून त्याचे डोळे पाहा. एकदा त्याच्या इयत्तेचा सोपा धडा द्या, एकदा पुढच्या इयत्तेचा कठीण उतारा, आणि दोन्ही वेळी पाच ओळींतले थांबे मोजा.