कियारोस्कुरो
चित्रकलेच्या गप्पांत ‘कियारोस्कुरो’ हा शब्द सारखा कानावर येतो. इटालियनमध्ये ‘कियारो’ म्हणजे उजळ, ‘स्कुरो’ म्हणजे गडद. मुळं लॅटिन ‘क्लारुस’ आणि ‘ऑब्स्कुरुस’मध्ये. प्रबोधनकाळात हे नाव एका रेखाटनपद्धतीला होतं: रंगीत कागद हीच मधली छटा, त्यावर पांढऱ्या रंगाने उजेड आणि शाईने सावली. पुढे चित्रकार काराव्हाज्जोने अंधार इतका दाट केला, की त्या शैलीला ‘तेनेब्रिझम’ म्हणू लागले. त्यामागचं लॅटिन ‘तेनेब्रे’ (अंधार) हे संस्कृत ‘तमिस्रा’चं सख्खं भावंड! हे नातं मला फार मोलाचं वाटतं. रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चमधलं त्याचं संत मॅथ्यूच्या पाचारणाचं चित्र (१५९९–१६००) पाहावं. उजवीकडून तिरपा येणारा उजेड त्या तमिस्रेमुळेच बोलतो. आज सिनेमाचे छायालेखकही अशा प्रकाशयोजनेला कियारोस्कुरोच म्हणतात. मराठीत ‘छायाप्रकाश’ चालतो.