इंजिन मिसिंग करतंय? मिसफायर नेमका कुठल्या सिलेंडरमध्ये आहे हे कसं शोधायचं?

सिग्नलला गाडी उभी आहे आणि स्टिअरिंग थरथरतंय. घाटात पिकअप मिळत नाही, मध्येच झटके बसतात. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक याला ‘गाडी मिसिंग करतेय’ म्हणतात. तांत्रिक भाषेत हा मिसफायर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीला हेच झालं. गॅरेजवाल्याने कोड न वाचताच चारही इंजेक्टर बदलायला सांगितले, खर्च १४ हजार. मी ‘उद्या सांगतो’ म्हणून गाडी घरी आणली. प्रत्यक्षात काय निघालं ते पुढे येईलच.

मिसफायर म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: हवा आणि इंधनाचं योग्य मिश्रण, ते दाबण्यासाठी पुरेसं कॉम्प्रेशन आणि योग्य क्षणी ठिणगी. यातली एक जरी चुकली तरी त्या सिलेंडरमध्ये स्फोट होत नाही किंवा अर्धवट होतो. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलेंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, हे कळतं कसं? प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्टला धक्का मिळतो. एक धक्का चुकला की शाफ्टचा वेग क्षणभर कमी होतो. क्रँक सेन्सर तेवढा फरक टिपतो आणि त्या क्षणी कोणाची पाळी होती यावरून ईसीयू सिलेंडर ओळखतो.

दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?

हे आधी बघा. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी किंवा गॅरेजला नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली सिरॅमिकची जाळी तापून वितळू शकते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. म्हणजे प्लगचं छोटं काम कन्व्हर्टरच्या बिलावर जातं.

पायरी १: कोड वाचा

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर कोड वाचता येतो.

- पी०३०१ ते पी०३०४: शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडरचा नंबर.
- पी०३००: मिसफायर एका सिलेंडरपुरता नाही. हवेची गळती, इंधनाचा कमी दाब अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या कारणांकडे आधी बघा.

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही बघा. बिघाड नोंदला तेव्हाचे आरपीएम, लोड आणि तापमान त्यात असतं. आमच्या क्षेत्रातला क्रॅश लॉगच म्हणा ना! सगळं लिहून घ्या, मगच कोड पुसा.

पायरी २: अदलाबदल करून बघा

समजा कोड पी०३०२ आहे आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद आणि थंड असताना २ नंबरची कॉइल १ वर आणि १ ची २ वर लावा. कोड पुसा, गाडी चालवा.

- आता पी०३०१ आला: बिघाड कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइल खराब.
- पुन्हा पी०३०२ आला: कॉइल निर्दोष. आता तसेच प्लग बदलून बघा.
- तरीही पी०३०२: इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळणारच नाही. प्लग काढण्याआधी खोबणीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये पडेल. बसवताना प्लग आधी हातानेच फिरवा, मग पाना लावा. आणि चालू इंजिनवर कॉइल उपटून बघू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात.

पायरी ३: प्लग काय सांगतो?

- फिकट तपकिरी टोक: ठीक.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर.
- ओलं, पेट्रोलचा वास: ठिणगी पडतच नाही.
- तेलकट टोक: ऑइल सिलेंडरमध्ये येतंय.

सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग करत असेल तर आधी प्लग आणि कॉइल तपासा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघा.

पायरी ४: कॉम्प्रेशन

हे गॅरेजमध्येच करा. एका सिलेंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजल्यात. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असतील तर संशय हेड गॅस्केटवर.

आमच्या गाडीत काय निघालं?

पी०३०२ होता, कॉइल बदलल्यावर पी०३०१ झाला. इंजेक्टर चारही ठणठणीत! पण २ नंबरच्या खोबणीत ऑइल साचलं होतं. वरचं सील गळत होतं आणि त्या ऑइलने कॉइलचं रबर फुगवलं होतं. नुसती कॉइल बदलली असती तर काही महिन्यांत तीही गेली असती. सील, एक कॉइल आणि प्लगचा संच, एवढ्यात काम झालं.

तेव्हा गॅरेजला गेलात की आधी एवढंच विचारा: ‘कोड कुठला आलाय, आणि हाच पार्ट खराब आहे हे कशावरून?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, तो बॉनेट उघडून दाखवतो.